लॉर्ड मॉर्टन यांची घोडी आणि डार्विन यांचे वाचन : प्रथम गर्भधारणेच्या परिणामाविषयीच्या एका पुराव्याची चिकित्सा

मादीचा पहिल्या गर्भधारणेच्या वेळी ज्या नराशी संयोग होतो त्याचा ठसा तिच्या शरीरात कायम राहतो व पुढे दुसऱ्या नरापासून झालेल्या संततीतही तो उमटतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पशुपैदासकारांमध्ये दृढ होती. ऑगस्ट वाइसमान यांनी तिला ‘टेलेगनी’ हे नाव दिले. प्रस्तुत लेखात या समजुतीच्या सर्वांत प्रसिद्ध पुराव्याचे चार्ल्स डार्विन यांनी केलेले वाचन तपासले आहे.

झेब्र्याच्या कुळातील क्वागा हा प्राणी माणसाळवावा, असा लॉर्ड मॉर्टन यांचा हेतू होता. मादी न मिळाल्याने त्यांनी नर क्वागाचा संयोग एका तांबूस घोडीशी घडविला व त्यापासून संकरित शिंगरू झाले. पुढे ही घोडी सर गोर औसले यांच्याकडे गेली. तेथे काळ्या अरबी घोड्यापासून तिला झालेल्या शिंगरांच्या पायांवर पट्टे दिसले. 1821 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

डार्विन यांनी ही घटना दोनदा वापरली आणि अडचण नेमकी तेथेच आहे. 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ मध्ये ती घोडा, गाढव व झेब्रा यांच्या समान पट्टेदार पूर्वजाच्या विवेचनात येते. त्याच विवेचनात भारतातील काठियावाडी घोड्यांचा उल्लेख आहे. त्यांच्यात पट्टे इतके सर्रास आढळतात, की पट्टे नसलेला घोडा अस्सल मानला जात नाही. म्हणजे पट्ट्यांसाठी क्वागाची गरज नाही, हे डार्विन यांनीच नोंदविले होते. तरीही 1868 च्या ग्रंथात, अरबी घोड्यांत असे पट्टे जवळजवळ आढळत नाहीत या आधारावर, ते या शिंगरांचे श्रेय निःसंशयपणे क्वागाला देतात. मात्र मॉर्टन यांच्या वृत्तान्तानुसार ती घोडी सात-अष्टमांश अरबी होती. उरलेल्या एक-अष्टमांशाचा विचार डार्विन करीत नाहीत. क्वागापूर्वी याच जोडीपासून एखादे शिंगरू झाले असते तर तुलना शक्य होती. तसे शिंगरू नव्हते. त्याच ग्रंथात त्यांनी मांडलेल्या ‘पॅनजेनेसिस’ या उपपत्तीला अशा उदाहरणाची गरज होती, हे येथे विसरता येत नाही.

एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स कोसर युवर्ट यांनी प्रत्यक्ष झेब्रा व घोड्या घेऊन प्रयोग केले. ते 1899 मध्ये ग्रंथरूपाने आले. झेब्र्याशी कधीही संबंध न आलेल्या घोड्यांच्या शिंगरांतही पट्टे आढळतात, हे त्यांनी दाखविले. ही तुलना मॉर्टन यांच्या वृत्तान्तात नव्हती.

प्रश्न केवळ अश्वपैदाशीपुरता नव्हता. 1893 मध्ये वाइसमान यांच्याशी झालेल्या वादात हर्बर्ट स्पेन्सर यांनी टेलेगनीचा आधार घेत तिची व्याप्ती स्त्रियांपर्यंत नेली. आपल्याकडील बीज-क्षेत्र रूपकात क्षेत्र बीज वाढविते. येथे मात्र क्षेत्रालाच आधीच्या पेरणीचा डाग लागतो. पुनर्विवाहित स्त्रीच्या अपत्यांकडे संशयाने पाहण्यास शास्त्राची मुद्रा मिळाली ती अशा तोकड्या पुराव्यावर.

पहिल्या वेताचा परिणाम असतो, पण तो निराळा. पहिलारू गायीची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे वासरू सरासरीने कमी वजनाचे जन्मते, प्रसूती अधिक वेळा अडते आणि चीक सामान्यतः कमी येतो. या वासरांना जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पुरेसा चीक पाजणे म्हणूनच अधिक निकडीचे ठरते.