यकृतदाहाच्या निकषांतून गळलेला प्रश्न

स्वयंप्रतिरक्षित यकृतदाहाच्या निदानासाठी २००८ साली सुलभ निकष प्रसिद्ध झाले. स्वप्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलिन-जी, ऊतिपरीक्षा आणि विषाणुजन्य यकृतदाहाचा अभाव या चार बाबींना गुण द्यावयाचे. बेरीज ६ झाल्यास निदान संभाव्य, ७ वा अधिक झाल्यास निश्चित. रुग्णशय्येपाशी सहज वापरता यावी अशी ही योजना आहे, आणि हा तिचा गुण निर्विवाद होय. तथापि १९९९ च्या सुधारित निकषांशी ती ताडून पाहता एक उणीव नजरेत भरते. यकृतास अपायकारक औषध रुग्णाने घेतले असल्यास तेथे ४ गुण वजा होत. नव्या योजनेत तो प्रश्नच उरलेला नाही. वैद्याने तो आधी विचारलेला असतो, हे समर्थन आमच्या मते पुरेसे नाही.

प्रतिपिंडांवरून हा भेद कळेल काय? क्वचित कळतो. टायनिलिक आम्लाचे चयापचयन करणाऱ्या सीवायपी२सी९ या विकराशीच त्या औषधाचा क्रियाशील अंश जडतो आणि त्याच विकराविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होतात. औषध सोडून उद्भवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या यकृतदाहात प्रतिपिंडांचे लक्ष्य सीवायपी२डी६ हे असते. येथे प्रतिपिंड स्वतःच कारणाकडे बोट दाखवितो. परंतु नायट्रोफ्युरँटॉइन व मिनोसायक्लिन यांमुळे होणाऱ्या दाहात केंद्रकविरोधी आणि मृदुस्नायुविरोधी प्रतिपिंड आढळतात. निकषांत गुण मिळविणारे प्रतिपिंड मुख्यतः हेच!

जनुकांची साक्षही अपुरीच ठरते. एचएलए-बी*५७:०१ आणि फ्लुक्लॉक्सॅसिलिनजन्य यकृतविकार यांचा दृढ संबंध २००९ साली दाखविला गेला. तरीही हे जनुकरूप असलेल्या व औषध घेणाऱ्या सुमारे ५०० ते १००० जणांत एखाद्यालाच तो विकार जडतो. उत्तर युरोपीयांत स्वयंप्रतिरक्षित यकृतदाहाशी निगडित असलेली डीआरबी१*०३:०१ व *०४:०१ ही रूपे निरोगी माणसांतही विपुल आहेत. जनुक भूमी तयार करते; बीज कोणते पडले, हे ते सांगत नाही.

खरा निवाडा काळच करतो. मेयो क्लिनिकच्या २०१० मधील अभ्यासात २६१ रुग्णांपैकी २४ जणांचा आजार औषधजन्य ठरला. त्यांतील ज्या १४ जणांचे प्रतिरक्षादमन थांबविले, त्यांपैकी एकाचाही आजार उलटला नाही. तुलनेच्या गटात तो ६५ टक्के रुग्णांत उलटला. १४ ही संख्या लहान खरी, परंतु दोहोंतील अंतर उपेक्षणीय नाही.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या मुंबईतील ६ रुग्णांचा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध झाला. गुळवेलीने स्वयंप्रतिरक्षित दाहासारखा विकार निर्माण केला, की सुप्त विकार प्रकट केला, याचा निर्णय लेखकांनी दिलेला नाही. तो संयम योग्यच होय. काढ्याला आपल्याकडे कोणी औषध म्हणत नाही; म्हणून तो प्रश्न नाव घेऊनच विचारावयास हवा.

गुणांची बेरीज चुकल्यास एकाला विनाकारण आजन्म स्टेरॉइड घ्यावे लागेल, तर दुसऱ्याचे उपचार अकाली थांबून यकृत काठिण्याकडे जाईल. म्हणून औषधाचा प्रश्न निकषांत पुन्हा घालावा, आणि औषधाचा संशय असलेल्या रुग्णात ‘निश्चित’ हा शब्द उपचार थांबविल्यानंतरच्या निरीक्षणापर्यंत राखून ठेवावा.