ई-पीक पाहणी : एक परीक्षण
महसूल खात्यासाठी खास घडविलेले 'ई-पीक पाहणी' हे मोबाइल अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर लागू झाले. गाव नमुना १२ मधील पिकांची जी नोंद तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याने स्वतः, बांधावरून, छायाचित्रासह करावी, ही त्यामागील कल्पना. चावडीत बसून होणाऱ्या पाहणीपेक्षा हा पालट मोलाचा खरा. परंतु नोंदविणारा बदलला, तरी नोंदीची परिभाषा कचेरीचीच राहिली, असे आम्हांस वाटते. नाशिकचा कांदा-उत्पादक पोळ, रांगडा व उन्हाळ असे तीन हंगाम मोजतो. पैकी रांगडा तर खरीप आणि रब्बी यांच्या मधोमध उभा. त्याने कोणता हंगाम निवडावा? दुरुस्तीला मुदत ठेवली ती अवघ्या ४८ तासांची. आणि गारपिटीनंतर पंचनाम्याच्या वेळी पाहिली जाते ती हीच नोंद.