आरसा की साक्षी? : वार्धक्यातील मैत्री आणि आत्मशोध

वार्धक्याचा प्रश्न मराठी साहित्यात मुख्यतः कुटुंबाच्या चौकटीत मांडला गेला आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) आणि जयवंत दळवींचे 'संध्याछाया' (१९७३) ही दोन नाटके या संदर्भात हमखास आठवतात. दोन्हींतील ताण आईबाप आणि मुले यांच्यातला आहे. म्हातारपणी माणसाला कोण सांभाळते, हा तिथला कळीचा प्रश्न. म्हातारपणी माणूस स्वतःला कसा ओळखतो, हा प्रश्न त्याच्या सावलीत राहतो आणि त्याबरोबर मित्र ही व्यक्तीही कडेला जाते. २०१६ साली 'नटसम्राट' पडद्यावर आले तेव्हा रामभाऊ हा नटमित्र त्यात ठळकपणे उभा केला गेला. आप्पा बेलवलकरांना मुलांशी जे बोलता येत नाही, ते त्याच्याशी बोलता येते. मित्राची ही गरज नेमकी कशाची असते, याचा विचार एका हंगेरियन कादंबरीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

शांदोर माराई (१९००–१९८९) यांची ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली. मूळ शीर्षकाचा अर्थ 'मेणबत्त्या बुडापर्यंत जळतात' असा होतो. २००१ साली जर्मन भाषांतरावरून झालेल्या इंग्रजी अनुवादाला 'एम्बर्स' (निखारे) हे नाव मिळाले आणि आपल्याकडील वाचक तिला त्याच नावाने ओळखतो. कथानक थोडक्यात सांगता येते. हेन्रिक हा सधन उमराव आणि कोनराड हा गॅलिशियातील निर्धन घरातला मुलगा. दहाव्या वर्षी व्हिएन्नाच्या सैनिकी विद्यालयात त्यांची गाठ पडते आणि सुमारे दोन तपे ते एकमेकांपासून दुरावत नाहीत. २ जुलै १८९९ रोजी शिकारीच्या पहाटे कोनराडची बंदूक आपल्यावर रोखली गेल्याचे हेन्रिकला पाठमोऱ्या अवस्थेतच जाणवते. गोळी सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी कोनराड नाहीसा होतो. पुढे एक्केचाळीस वर्षे आणि त्रेचाळीस दिवसांनी, युरोपात दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, पंचाहत्तरीला आलेले हे दोघे हेन्रिकच्या वाड्यात एका रात्रीपुरते समोरासमोर बसतात.

मैत्री आणि आत्मज्ञान यांचा संबंध पाश्चात्त्य परंपरेने आरशाच्या रूपकातून पाहिला आहे. स्वतःपेक्षा दुसऱ्याची कृत्ये आपल्याला अधिक नीट न्याहाळता येतात आणि मित्र हा तर दुसरा 'स्व'च, असे प्रतिपादन ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या नवव्या पुस्तकात आहे. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये वार्धक्यावर आणि मैत्रीवर असे दोन स्वतंत्र संवाद लिहिले आणि दोन्ही आपला आजन्म मित्र ॲटिकस याला अर्पण केले. या परंपरेत दोन्ही विषयांचा सांधा समंजस संवादात आहे. माराईंची कादंबरी वरवर पाहता हाच साचा उचलते आणि आतून तो मोडते.

ती तो मोडते निवेदनाच्या पातळीवर. उत्तरार्ध जवळजवळ संपूर्णपणे हेन्रिकच्या बोलण्याने व्यापलेला आहे. कोनराड क्वचित तोंड उघडतो. 'संवादाचे रूप घेतलेले हे स्वगत आहे' असा आक्षेप घेणे सोपे आहे, आणि रचनेपुरता तो खराही आहे. पण कोनराडचे मौन हा येथे अर्थनिर्मितीचा घटक आहे. हेन्रिकला तपशील नको आहेत. एकांतातल्या चार दशकांत त्याने ते सारे जुळवलेले आहेत. त्याचे दोनच प्रश्न उरले आहेत. त्या पहाटेचा बेत क्रिस्टिनाला, म्हणजे आपल्या पत्नीला, ठाऊक होता काय, हा पहिला. उत्तर देण्यास कोनराड नकार देतो. दुसरा प्रश्न, आयुष्याला अर्थ दिला तो एका मृत स्त्रीविषयीच्या ओढीनेच काय, असा आहे. त्यावर, हे तुला ठाऊकच आहे, अशा आशयाचे उत्तर येते. म्हणजे मित्राने हेन्रिकला नवे काहीच सांगितलेले नाही. जे त्याला आधीच माहीत होते ते त्याने दुसऱ्या माणसासमक्ष उच्चारले, एवढेच घडले. आत्मशोध घडतो तो या उच्चारात.

येथे आरशापेक्षा आपल्या परंपरेतील एक प्रतिमा अधिक उपयोगी पडते. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो, आणि ते दोघे एकमेकांचे सखे आहेत. उपनिषदाचा संदर्भ जीवात्मा-परमात्म्याचा आहे हे मान्य करूनही, सख्य आणि साक्षित्व यांची तिथे घातलेली सांगड लक्षणीय वाटते. आरसा प्रतिमा परत करतो. साक्षी काही परत करीत नाही, त्याचे केवळ असणे पुरते. कोनराड हा असा साक्षी आहे. मात्र तो तटस्थ नाही, त्यानेही ते फळ खाल्लेले आहे. माराईंच्या मांडणीतली कडवट गुंतागुंत हीच.

तथापि या आत्मशोधाची किंमत कोण मोजते, हे विचारल्यावाचून समीक्षा पुरी होत नाही. क्रिस्टिनाची मोहोरबंद दैनंदिनी हेन्रिकने न उघडता जपलेली आहे. ती बरोबर वाचण्यास कोनराड नकार देतो आणि हेन्रिक ती निखाऱ्यांवर टाकतो. वस्तुस्थिती म्हणजे सत्य नव्हे, या त्याच्या भूमिकेशी ही कृती सुसंगत आहे. परंतु त्या घरात स्त्रीच्या हातचा तेवढाच एक मजकूर होता. दोन वृद्ध पुरुषांना आपापले सत्य गवसते ते तिसऱ्या व्यक्तीची साक्ष जाळून. कादंबरी या कृत्याला भव्यतेचे वलय देते. वाचकाने ते स्वीकारण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कादंबरी जवळजवळ नकळत नोंदवते. निनी ही हेन्रिकची दूधआई. सोळाव्या वर्षी ती या घरात आली, आता एक्क्याण्णव वर्षांची आहे. म्हणजे पंचाहत्तर वर्षे ती त्याच्या जवळ आहे. खऱ्या अर्थाने आजन्म टिकलेले सख्य या कादंबरीत हेच. कोनराडची मैत्री तर मध्येच तुटलेली. निनीला सारे ठाऊक आहे आणि ती काही विचारीत नाही. पाहुणा गेल्यावर हेन्रिक भेटतो तिलाच. भिंतीवरून उतरवलेले क्रिस्टिनाचे चित्र पुन्हा लावायला हरकत नाही, हे तो तिलाच सांगतो. रात्रभराच्या बोलण्याचे फलित या एका घरगुती वाक्यात उमटते.

पण निनीचा आत्मशोध? त्याला या संहितेत जागा नाही. ती साक्षी आहे, सखी म्हणून तिचा उच्चार कोठेही होत नाही. सेविकेशी मैत्री असू शकते हे त्या उमरावी जगाच्या शब्दकोशात बसत नाही. आपल्या साहित्यातील वृद्धांकडे वळताना ही जाणीव बरोबर न्यावी लागेल. आप्पांचे ऐकायला कोणी आहे का, हे विचारणे आवश्यकच आहे. त्याचबरोबर, जी आयुष्यभर ऐकत आली, तिचे ऐकायला कोण बसले, हाही प्रश्न त्याच आवाजात विचारला गेला पाहिजे.