'जीपीएस कोणता घ्यावा?' : एका अपुऱ्या प्रश्नाविषयी

नवी मोटार घेतली की थोड्याच दिवसांत 'जीपीएस कोणता घ्यावा?' हा प्रश्न येतो. उत्तर देणाऱ्या माहितीपत्रकांना आणि लेखांना तोटा नाही. पडदा किती इंचांचा, सूचना कोणत्या भाषांतून, किती देशांच्या उपग्रहांचे संदेश पकडतो, अचूकता किती मीटर आणि शेवटी किंमत, असा त्यांचा साधारण साचा असतो. आमची तक्रार अशी, की या यादीत माहिती पुष्कळ असली तरी निवड करायला जी लागते ती नेमकी गळलेली असते. या उणिवेच्या मुळाशी एक वैज्ञानिक गैरसमज आहे, आणि तो आपल्या वर्गांतूनही पसरतो. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटला.

'उपग्रह आपल्याला रस्ता दाखवतो' हा तो गैरसमज. उपग्रहाला रस्ता माहीत नसतो, आणि आपली मोटारही माहीत नसते. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा जीपीएसचा उपग्रह आपल्या आण्विक घड्याळातील वेळ आणि आपल्या कक्षेची माहिती सतत प्रक्षेपित करतो. त्याचे काम तिथे संपते. मोटारीतील ग्राही हा आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखा असतो. तो फक्त ऐकतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून तो उपग्रहाचे अंतर काढतो आणि अशा अनेक अंतरांवरून स्वतःचे स्थान ठरवतो. हाती येतात ते अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. डावीकडे वळा की उजवीकडे, हे त्या आकड्यांत कुठेच नसते.

मग शाळेच्या बसवरचे 'जीपीएस' बस कुठे आहे हे कार्यालयाला कसे कळवते? त्या पेटीत ग्राहीच्या जोडीला मोबाइलचे सिमकार्ड असते. स्थान बाहेर जाते ते मोबाइलच्या जाळ्यातून. वाट दाखवणारे आणि माग ठेवणारे, अशा दोन निराळ्या उपकरणांना आपण एकच नाव दिले आहे. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

वाट दाखवण्याचे काम मुळात नकाशाचे आहे, याची साक्ष इतिहास देतो. जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली मोटारीसाठी मार्गदर्शक यंत्र आणले, त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. वळण मोजणारा गतिदर्शक, कापलेले अंतर मोजणारी व्यवस्था आणि पडद्यासमोर सरकवायचे पारदर्शक नकाशे एवढ्यावर ते चाले. १९८५ मध्ये अमेरिकेत इटॅक कंपनीने फितीवर साठवलेला नकाशा वापरला आणि मोटारीचे अंदाजी स्थान नकाशातील रस्त्यांशी जुळवून दुरुस्त करण्याची रीत रूढ केली. उपग्रह नंतर आले. त्यांनी 'मी कुठे आहे?' हा प्रश्न उत्तम सोडवला. 'कसे जायचे?' हा प्रश्न नकाशाकडेच राहिला.

आता 'अचूकते'च्या आकड्याकडे पाहू. १९९० च्या दशकात अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम त्रुटी मिसळत असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जाई. २ मे २००० पासून ती त्रुटी काढून टाकली गेली. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइल फोनचे स्थानही सुमारे ५ मीटरच्या आत येते. त्यामुळे सपाट, मोकळ्या रस्त्यावर महाग आणि स्वस्त ग्राहींमधला फरक चालकाला जाणवत नाही. तो जाणवतो उंच इमारतींच्या गल्लीत आणि घाटात, जिथे आकाश अर्धे झाकलेले असते आणि संदेश भिंतींवर किंवा कड्यांवर आपटून उशिरा येतात. तिथे जास्त उपग्रहांचा उपयोग होतो, आपल्या नाविकचाही. दोन वारंवारतांचे संदेश घेणारा ग्राही आयनांबरामुळे पडणारी चूकही बरीच कमी करू शकतो. जाहिरातीतला हा भाग खरा आहे. पण पाच मीटरची चूक असताना मोटार उड्डाणपुलावर आहे की त्याखालच्या रस्त्यावर, याबाबत यंत्राची फसगत होऊ शकते, आणि माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

याहून गंभीर गोष्ट पुढची. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात एक मोटार रात्रीच्या वेळी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्याने थेट पाण्यात गेली आणि चालक बुडाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील बरेली जिल्ह्यात रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा अंत झाला. दोन्ही वेळी मोबाइलवरील नकाशाच्या मार्गदर्शनाची चर्चा झाली. रस्ता बंद असल्याची ठळक सूचना आणि अडथळा उभा करणे हे यंत्रणांचे कर्तव्य आहेच. ते नकाशावर ढकलता येणार नाही. पण आपल्या विषयापुरता धडा स्पष्ट आहे. रस्ता नकाशात होता, त्याची त्या दिवसाची अवस्था नकाशात नव्हती. ग्राहीची अचूकता पाच मीटरवरून एका मीटरवर आणली असती, तरी या चौघांपैकी कोणाचाही जीव वाचला नसता.

मार्ग काढण्याचे गणित निर्दोष असते. डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली लघुतम मार्गाची रीत आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरल्या जातात. मात्र प्रत्येक रस्त्याला जो 'वेळ' जोडला जातो तो चुकला, तर गणित तितक्याच निर्दोषपणे चुकीच्या वाटेला लावते. रहदारीचा वेग त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनवरून समजतो. जिथे रात्री वाहनेच नाहीत, तिथे ही माहिती तुटपुंजी असणार, हे उघड आहे.

तेव्हा निवड करताना विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारावेत? नकाशा उपकरणात साठवता येतो का, म्हणजे मोबाइलचे जाळे नसलेल्या खोऱ्यात तो चालेल का? तो किती वेळा अद्ययावत होतो, आणि किती वर्षे विनामूल्य? निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एका नजरेत दिसतो का, आणि आपल्या पसंतीचा रस्ता निवडता येतो का? नकाशातली चूक कळवण्याची सोय आहे का? बोगद्यात काय होते? मोटारीत मुळातच बसवलेली यंत्रणा चाकांचा वेग आणि वळण मोजून बोगद्यातही स्थानाचा अंदाज बांधू शकते. फोनला चाकांची माहिती सहसा मिळत नाही, पण त्याचा नकाशा बहुधा अधिक ताजा असतो. आमच्या मते आपल्याकडच्या बदलत्या रस्त्यांवर ताजा नकाशा असलेला साधा फोन हा जुना नकाशा असलेल्या महागड्या पडद्यापेक्षा बरा. मात्र तो नजरेच्या टप्प्यात घट्ट बसवलेला हवा आणि मार्ग गाडी सुरू करण्यापूर्वीच भरलेला हवा.

शिक्षकांकडे आमची दोन मागणी आहेत. जीपीएस शिकवताना तीन वर्तुळांची आकृती काढली जाते, तिथे थांबू नये. ग्राहीचे घड्याळ साधे असते. एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर ३०० मीटरनी चुकते. ही घड्याळाची चूकही अज्ञात राशी धरावी लागते, म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अज्ञातांना चार समीकरणे, हे आठवीच्या मुलालाही पटते.

दुसरी मागणी प्रयोगाची. मैदानाच्या मध्यभागी फोन ठेवून दर मिनिटाला, असे वीस वेळा अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि आलेखकागदावर ते बिंदू मांडावेत. अक्षांशातील एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, हे प्रमाण धरावे. मग हाच प्रयोग इमारतीच्या भिंतीलगत करावा. दोन्ही ठिकाणच्या बिंदूंचा पसारा शेजारी शेजारी ठेवला, की 'अचूकता' हा एक आकडा नसून परिस्थितीनुसार बदलणारी गोष्ट आहे, हे मुलांना दिसेल. त्याच मुलांनी गावाच्या नकाशात कोणता रस्ता चुकला आहे, कोणता पूल पावसाळ्यात बंद असतो हे शोधून कळवले, तर तो प्रयोगाचा सर्वांत उपयोगी भाग ठरेल. गावचा पूल कधी पाण्याखाली जातो हे गावालाच आधी ठाऊक असते.