भोंगा, घंटा आणि संयमाचे सामाजिक रूप

समाजमाध्यमांपासून स्वेच्छेने दूर राहण्यास अलीकडे ‘डिजिटल उपवास’ असे नाव मिळाले आहे. नाव सोयीचे असले, तरी ते विचारास चकविणारे आहे. उपवास ज्याचा त्याने करावयाचा असतो. शेजारी जेवला म्हणून तो मोडत नाही. भ्रमणध्वनीच्या व्यवहारात मात्र संदेश धाडणारा आणि उत्तराची वाट पाहणारा असे दोन पक्ष असतात. त्यामुळे एकट्याने यंत्र बंद केले, तर ते व्रत न ठरता अबोला ठरण्याचा संभव अधिक.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या सुमारे ३,००० वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये आरंभिलेला प्रयोग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. करोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेले यंत्र शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजताच दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद करावेत आणि ८.३० वाजता पुन्हा भोंगा होईपर्यंत अभ्यास, वाचन व संभाषण यांत वेळ घालवावा, असे गावाने ठरविले. या प्रयोगाचे मर्म त्यागात नसून ‘सर्वांनी एकाच वेळी’ या अटीत आहे. उत्तराची अपेक्षाच गावाने मिळून तहकूब केल्यामुळे गप्प राहणारा तुसडा ठरत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या भ्रमणध्वनी-वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू समान, परंतु वडीलधारे जेथे मोकळे राहतात, तेथे संयमाची जागा नियमन घेते. अर्थात वडगावच्या संमतीतही गावकीचा दाब मुळीच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. किंबहुना एकमताचा गौरव करताना नकाराची वाट कितपत मोकळी होती, हा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

हा विचार वसईच्या किनारपट्टीवरील वटारसारख्या गावास लावून पाहिला, म्हणजे त्याची दुसरी मर्यादा ध्यानात येते. सामायिक वेळेची कल्पना या परिसरास परकी नाही. सायंकाळी चर्चची घंटा झाली की हातचे काम थांबवून प्रार्थना करावयाची आणि रात्री कुटुंबाने एकत्र रोझरी म्हणावयाची, हा येथील ख्रिस्ती घरांचा जुना परिपाठ आहे. परंतु नोकरीनिमित्त मुंबईस जाणारा कर्ता माणूस सायंकाळी ७ वाजता बहुधा विरारच्या गाडीत उभा असतो; घराशी त्याचा धागा त्या वेळी भ्रमणध्वनीनेच जुळलेला असतो. शिवाय २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन होऊन या पट्ट्यातील गावे तीत गेली, त्याबरोबर त्यांची ग्रामसभाही गेली. त्याविरुद्ध गावांनी दिलेल्या लढ्यास करांच्या प्रश्नाइतकाच हाही अर्थ होता. घंटा राहिली, सर्वांनी मिळून ठराव करण्याची जागा मात्र उरली नाही.

तात्पर्य, यंत्र दूर ठेवण्यास मनोनिग्रह पुरेसा नाही. त्यासाठी परस्परांस मोकळीक देणारा समाज लागतो, आणि असा समाज निर्णयाचे स्वतःचे स्थान गमावून फार काळ टिकत नाही.