रविवर्मा मुद्रणालयाची चित्रे : संग्रह आणि मूल्यनिर्णय

जुन्या वाड्यांतून संग्राहकांच्या हाती येणाऱ्या रविवर्मा मुद्रणालयाच्या शिळाछाप चित्रांपैकी पुष्कळांची खालची पट्टी चौकट बसविताना कापलेली आढळते. तीबरोबर शीर्षक व मुद्रणस्थळ हा मुख्य पुरावाच नाहीसा होतो. हे मुद्रणालय १८९४ साली मुंबईत निघाले, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलले व फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचे झाले. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. तरी त्यांच्या नावाच्या मुद्रणालयातून चित्रे निघतच राहिली, आणि त्यांत धुरंधरांसारख्या अन्य चित्रकारांच्याही कृती होत्या. अर्थात् पट्टीवरील ‘रविवर्मा’ हा शब्द चित्रकाराचा वाचक न राहता मुद्रणालयाचा वाचक झाला. शब्द तोच, अर्थ मात्र पालटला. म्हणून केवळ या नावावरून कर्तृत्व ठरविणे सदोष होय. मुद्रणस्थळाचा निर्देश मुंबईचा की लोणावळ्याचा, हे पाहिल्यास कालनिश्चितीस निदान एक आधार मिळतो. रंगांचा तजेला आणि मागाहून चिकटविलेली जर यांवरून किंमत करणारा संग्राहक चित्राची शोभा पारखतो. इतिहास त्याच्या हातून निसटतो. १९७२ च्या आगीत मुद्रणालयाची मोठी हानी झाल्यानंतर तर या दोन ओळींचे महत्त्व अधिकच वाढले आहे. चित्राची नोंद करताना प्रथम त्या जशाच्या तशा उतरून घ्याव्यात, मगच मूल्याचा विचार करावा.