हापसा नव्हे, चावडी

मोहोपाड्याच्या बाजारात मोबाईलच्या दुकानापाशी जरा उभे राहा. 'रिचार्ज मार', 'ॲप टाकून दे', 'सगळे फोटो उडाले'. नामं इंग्रजी, पण मारणं, टाकणं, उडणं पक्कं आपलं. आता त्याच फोनची भाषा मराठी करून द्या. गिऱ्हाईक दोन मिनिटांत म्हणतं, "दादा, इंग्रजीच बरं होतं." दोष गिऱ्हाइकाचा नाही, मराठीचाही नाही. भाषांतर करणाऱ्यानं शब्दाला शब्द ठेवला. माणसं त्या जागी काय बोलतात, ते ऐकलंच नाही.

उलट उदाहरण घ्या. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. इंग्रजी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या पानाला 'व्हिलेज पंप' म्हणतात. शब्दशः केलं असतं तर 'गावचा हापसा' झालं असतं. मराठीत ते पान 'चावडी' आहे. वस्तू बदलली, काम तेच राहिलं: चार माणसं जमणं, वाद घालणं, ठरवणं. समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की परिभाषा करणाऱ्यानं कोश उघडण्याआधी दुकानात यावं. नाहीतर आपली पोरं एकच गोष्ट शिकतील: यंत्राशी बोलायचं तर मराठी घरी ठेवून यायची.